दात काय काढतोस

सकाळी मी माझ्या भावाला चावले. गमतीत नाही. दात मांसात रुतले, तोंडात खारट आणि गरम काहीतरी आलं, आणि तरीही मी जबडा सैल केला नाही. मनगट आणि कोपर यांच्या मधला, आतल्या बाजूचा तो भाग, जिथे मोठ्या माणसाचीही कातडी मऊ असते. दाराच्या फटीतून त्याने हात आत घातला होता, माझे केस त्याच्या मुठीत होते, माझा गाल दाराच्या कडेवर दाबला गेला होता. तोंडासमोर जे आलं ते मी धरलं, एवढंच. तो ओरडला. चाळिशीला टेकलेल्या माणसाचं ते ओरडणं नव्हतं. लहानपणी सायकलवरून पडला की असा ओरडायचा, मोठ्याने सुरुवात करून मध्येच श्वास संपल्यासारखा. मूठ सुटली, हात मागे गेला, मी दार ढकललं, कडी घातली आणि दाराला पाठ लावून फरशीवर बसले. डोक्यात पहिला विचार कोणता यावा? ही जखम साबणाने भरपूर वेळ धुवायला हवी, हा. मी काम करते त्या प्रयोगशाळेत, माकडांच्या प्राणीघराच्या भिंतीवर, चावा झाल्यास काय करावं याची सूचना मीच लावली आहे, ठळक अक्षरांत. त्यात चावणारा कोण आणि चावून घेणारा कोण हे आधीच गृहीत धरलंय. दाराबाहेरून तो म्हणाला, "असाच आहे ना मी? तूच सांगितलंस ना, ताई? मी असाच आहे." शब्द माझेच होते. मग जिन्यावरून पावलं उतरत गेली.

थोड्या वेळाने दार उघडलं तर समोरच्या बाई आपल्या उंबऱ्यात चहाचा कप धरून उभ्या. "पोलिसांना बोलावू का?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "नको, भाऊ आहे माझा." त्या म्हणाल्या, "म्हणूनच विचारलं." मी जुना टॉवेल ओला करून जिन्याच्या वळणापर्यंत पडलेले थेंब पुसले. तोंड तीनदा धुतलं, पेस्ट लावून पुन्हा घासलं, तरी लोखंडाची ती चव जिभेच्या मुळाशी चिकटून राहिली, आणि बसमध्ये एका बाळाने माझ्याकडे बघून भोकाड पसरलं तेव्हा मला उगाच वाटलं की त्याला कळलंय. वरचा एक दात हलत होता. जिभेने तो ढकलत ढकलत मी स्वतःला पटवत होते की मी बरोबर होते. पटवायला फार कष्ट नव्हते. मागच्या थंडीत मी त्याला घरात घेतलं होतं. तो कोकेनवर होता, माझ्या न्हाणीघराची कडी आतून लावून बसला होता, मी दार वाजवत राहिले तेव्हा बाहेर आला आणि त्याने मला बेसिनवर आपटलं. मनगट मोडलं. ते अजून पूर्ण फिरत नाही, बरणीचं झाकण उघडायला मला समोरच्या बाईंकडे जावं लागतं. त्यानंतर तो काही महिने व्यसनमुक्ती केंद्रात राहिला, त्याची नशा सुटली, आणि परवा केंद्राने त्याला सोडलं. बाबा त्याला घेऊन गेले, आपल्या वर्कशॉपच्या माळ्यावरच्या खोलीत, कारण मी केंद्राचा फोन उचलला नव्हता. आणि आज सकाळी तो माझ्या दारात. "ताई, आत येऊ दे ना." त्याचा एक गाल सुजला होता, हे मी पाहिलं. पण त्याहून आधी मी दुसरं काहीतरी पाहिलं होतं. तो हसत होता. सगळे दात दिसतील एवढा. माझ्या दारात, माझ्या मोडलेल्या मनगटासमोर उभं राहून हा माणूस हसतो, म्हणजे नशा करून आलाय, हे मी डोळ्याचं पातं लवायच्या आत ठरवलं. मी म्हटलं, "हसतोस काय? जा इथून." आणि दार लोटलं. मग तो हात आला.

आज नेमका चौघांना एकत्र सोडायचा दिवस होता. आमच्याकडे माकडं आहेत. आधी प्रत्येकाला वेगळ्या पिंजऱ्यात ठेवतात, मग मधली दारं वर उचलून चौघांचं एक घर करतात. कागदावर त्यांना आकडे आहेत, पण प्राणीघर सांभाळणारा मामा आकड्यांना हाक मारत नाही. त्याने बारसं उरकून टाकलं होतं: पैलवान, मास्तर, वकील आणि मुका. मामा सगळ्या कर्मचाऱ्यांचा मामा आहे, सख्खा कुणाचाच नाही. "मॅडम, आज वकिलाचं काही खरं नाही बघा," तो लांब दांड्याची फळी आणि पाण्याचा पाइप तयार ठेवत म्हणाला, "फार बोलतो." मग माझ्याकडे बघून त्याने विचारलं, "गालाला काय झालं?" मी म्हटलं, "दार लागलं." ते खरंही होतं. माझं काम काचेमागे बसून बघायचं. लोकांना वाटतं आम्ही मारामाऱ्या मोजतो. मारामारीवरून फार काही कळत नाही, ती लवकर संपते. आम्ही बघतो ते सरकणं. कोण आला की कोण जागा सोडतो. अन्नाजवळून, पाण्याच्या नळीजवळून, उबदार दिव्याखालच्या फळीवरून. बोट लावावं लागत नाही, ओरडावं लागत नाही, एक नुसता चालत येतो आणि दुसरा उठून बाजूला होतो, जणू त्याला तेव्हाच दुसरीकडे काम आठवलं. त्या सरकण्यातून घराची उतरंड कळते. एकदा ती बसली की मग पुढचा भाग, दांडीचा. एक दांडी दाबली की खायला मिळतं, दुसरी दाबली की नळीतून थोडं कोकेन. मागच्या तुकडीत जो सगळ्यांसाठी सरकायचा, तो दुसऱ्या दांडीवर बोटांची सालं निघेपर्यंत बसला. जो कुणासाठीच सरकायचा नाही, त्याने ती चाखली, पण तिच्या नादी लागला नाही.

यामागे काय असतं ते मी अनेकांना समजावलंय, आणि इतकं सोपं करून समजावते की माझा मलाच अभिमान वाटतो. मेंदूच्या मध्यभागी खोलवर डोपामिन नावाचं रसायन फिरतं. ते ज्यावर अडकतं त्या रिसेप्टरांना मी खुंट्या म्हणते. घरात शिरल्यावर कोट अडकवायच्या असतात तशा खुंट्या. ज्याच्याकडे भरपूर आहेत त्याची साधीसुधी सुखं, गरम पाण्याची आंघोळ, कुणी पाठीवर दिलेली थाप, सगळी नीट अडकतात. ज्याच्याकडे कमी आहेत त्याचं सुख जमिनीवर पडतं आणि पायदळी जातं. अशा माणसाला कोकेन मिळालं की एकदम ढीगभर अंगावर कोसळतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटतं की अच्छा, बाकीच्यांना हे असं वाटत असतं तर. मग तो परत परत त्या ढिगाकडे जातो, आणि ढिगाच्या वजनाने आहेत त्या खुंट्याही निखळतात. कमी खुंट्यांची माणसं उतावळीही असतात, थांबणं त्यांना जमत नाही. हे मी भावाला सांगितलं होतं. नुसतं सांगितलं नव्हतं, दाखवलं होतं. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर जो माणूस मेंदूची चित्रं काढतो, त्याला आम्ही स्कॅनवाला म्हणतो, त्याला व्यसनी आणि निर्व्यसनी अशी माणसं हवी होती. भाऊ केंद्रातून येऊन झोपला यंत्रात, आणि निर्व्यसनी बाजूला मी झोपले. दंडातून एक औषध सोडतात, खुंट्या असतील तिथे ते जाऊन बसतं आणि चित्रात उजळतं. माझं चित्र बघून स्कॅनवाला म्हणाला होता, "तुमचं तर दुकानाच्या पाटीसारखं झळकतंय हो." भावाचं बघून चष्मा पुसायला लागला.

केंद्रातल्या भेटीच्या खोलीत मी लॅपटॉप उघडून दोन्ही चित्रं शेजारी ठेवली. तो बराच वेळ बघत राहिला. "हे मी?" "हो." "आणि ही तू." "हो." "माझ्यात दिवेच गेलेत की," तो म्हणाला. मग म्हणाला, "जन्मापासूनच?" मला त्याच्यावर दया करायची होती. घरात जन्मभर त्याला जे म्हटलं गेलं, नालायक, निर्लज्ज, तोंडाळ, ते सगळं एका फटक्यात पुसून टाकायचं होतं. आणि खरं सांगायचं तर माझ्या मनगटावर तेव्हा प्लास्टर होतं, आणि हे त्याने केलं नाही, त्याच्यातल्या कमी खुंट्यांनी केलं, असं मानणं मला सोयीचं होतं. मी म्हटलं, "बहुतेक हो. तुझा दोष नाही रे. तू असाच आहेस." तो इतका खूश झाला की त्याने मला मिठी मारली. प्लास्टर सांभाळून. त्यानंतर जो भेटेल त्याला तो सांगत सुटला की माझ्या बहिणीने माझ्या मेंदूचा फोटो काढलाय. तो औषध घेईना, गटात बोलायला बसेना. उपयोग काय, म्हणे, दिवेच नाहीत तर बटण दाबून काय करू. केंद्रातल्या समुपदेशक बाईंनी मला फोन करून विचारलं होतं, "तुम्ही त्याला नक्की काय सांगितलंत?" मी म्हटलं, विज्ञान.

मामाने साखळी ओढली आणि दारं वर गेली. पहिला काही वेळ कुणीच हललं नाही. मग मास्तर सावकाश मधल्या फळीकडे निघाला, आणि पैलवान त्याच्यावर तुटून पडला. काच जाड असली तरी आवाज छातीत लागतो. केसांचे पुंजके उडाले, फळी निसटली, वकील दोघांच्या मध्ये बडबड करत घुसला आणि कानाचा तुकडा गमावून बाहेर आला. मामाने पाइप उचलला, मी हात वर केला, थांब. मास्तर मागे हटला, एकदा ओरडला आणि पाण्याजवळ जाऊन बसला, उतरंडीत दुसरा. हे सगळं अपेक्षित होतं. मुका मात्र यात नव्हताच. तो कोपऱ्यात, जाळीला पाठ लावून उभा होता, त्याने कुणाला हात लावला नव्हता. पैलवान श्वास घेत फिरला, त्याच्याजवळ गेला, आणि मुक्याने ओठ मागे ओढले. वरचे दात, खालचे दात, हिरड्या, सगळं दिसेल इतके. डोळे बाजूला वळलेले. पैलवान चावला. हाताला, आतल्या बाजूला. मुका ओरडला आणि ओरडून झाल्यावर पुन्हा तसेच ओठ मागे ओढून उभा राहिला. नवी मुलं शिकायला येतात तेव्हा काचेतून बघून म्हणतात, अय्या, हा बघा हसतोय. आणि मी प्रत्येक वर्षी पहिल्याच दिवशी त्यांना दरडावते, हे हसू नाही. ही विनवणी आहे. मी तुझ्या खाली आहे, मला मारू नकोस, असं हा चेहरा सांगतो. माणसाच्या चेहऱ्यालाही हे जमतं, घाबरलेल्या माणसांचे फोटो बघा. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की ते माझ्या तोंडाला पाठ आहे, त्याच तोंडाला, ज्याच्यात अजून भावाच्या रक्ताची चव होती.

"मॅडम," मामा म्हणाला, "सोडू का पाणी?" मी काय म्हणाले ते आठवत नाही. त्याने पाणी सोडलं असावं, कारण पैलवान वरच्या फळीवर जाऊन अंग झटकताना दिसला. मला माझ्या जिन्यावरचा उजेड दिसत होता आणि त्यात भावाचा सुजलेला गाल, आणि मागे ओढलेले ओठ. डोळे माझ्याकडे नव्हते. खाली, पायपुसण्याकडे होते. नशा करून आलेला माणूस असा खाली बघत नाही, तो तुमच्या आरपार बघतो, हे मी मागच्या थंडीत बघितलं होतं. हा भ्याला होता. बाबांच्या हातून सुटून माझ्याकडे आला होता आणि माझ्यासमोर त्याचे दात उघडले, म्हणजे तो मलाही भीत होता. आणि मी काय केलं? आणि वर म्हणे, असे चेहरे वाचणं हा माझा जन्मभराचा अभ्यास. मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं, आणि मी काचेवर मूठ मारली, मोडक्या हाताचीच, आणि कळ खांद्यापर्यंत गेल्यावर थोडं बरं वाटलं.

बाबा पत्रा ठोकायचे. आपटलेल्या गाड्यांचे दरवाजे, बॉनेट, पोचे आलेले पत्रे आतून लोखंडी ठोकळा धरून बाहेरून लाकडी हातोडीने सरळ करायचे, आणि गावात त्यांच्याइतका सफाईदार हात दुसऱ्याचा नव्हता. घरातही तो हात सफाईदारच होता. रागाने लाल होऊन मारणारा माणूस निराळा, तो दमतो. बाबा शांतपणे, पोचा कुठे आहे ते बघून मारायचे. छोट्याला. त्याला आम्ही छोट्याच म्हणायचो, अजून म्हणतो. दूध सांडलं, वही हरवली, हाक मारल्यावर उशिरा आला. बाबा समोर येऊन उभे राहिले की त्याचे ओठ मागे जायचे. आणि बाबा म्हणायचे, "दात काय काढतोस? बापासमोर दात काढतोस?" पहिली चापट दुधाची असायची, पुढच्या सगळ्या दातांच्या. जितकं मारावं तितके ते दात जास्त उघडे पडायचे, आणि जितके उघडे पडायचे तितकं मारलं जायचं. आई स्वयंपाकघरात नळ मोठा सोडायची. आणि मी? मला बाबांनी कधी मारलं नाही. मी शहाणी होते, पहिली यायचे. आमच्या जेवायच्या खोलीत शेगडीजवळ एक खुर्ची होती, पाठीला ऊब लागेल अशी. ती बाबांची. बाबा नसले की माझी. छोट्या तिच्यावर बसलेला असला आणि मी आत आले की तो उठायचा आणि रंगाच्या उपड्या डब्यावर जाऊन बसायचा. मी कधी त्याला ऊठ म्हटलेलं नाही. मी नुसती आत यायचे. एवढी वर्षं मी काचेमागे बसून दुसऱ्यांचं सरकणं बघितलं आणि माझ्या जेवणाच्या टेबलाशी काय चालायचं ते मला आज, मुक्याच्या हातावरचं रक्त बघून दिसलं.

आणि मग आणखी एक आठवलं. मागच्या तुकडीचं चित्र. ते चौघे एकेकटे होते तेव्हा त्यांच्या खुंट्या जवळपास सारख्या होत्या, डोळे मिटून कुठलंही चित्र उचलावं. एकत्र राहिल्यावर पुन्हा चित्रं काढली तेव्हा फरक पडला, आणि तो असा पडला की वरच्याच्या वाढल्या होत्या. खालच्याच्या कमी झाल्या नव्हत्या. तो होता तिथेच होता. ज्याच्यासाठी सगळे सरकले, त्याचं चित्र उजळलं. हे आमचंच काम आहे, मीच ते सभेत उभी राहून सांगितलंय आणि टाळ्या घेतल्यात. माझ्या भावाचं ते अंधारलेलं चित्र कशाने अंधारलं, जन्माने, घराने, की कोकेनने, हे त्या चित्रात बघून जगातल्या कुणालाही सांगता येणार नाही. तिन्हीही असेल. पण मी त्याला एकच सांगितलं, सगळ्यात पक्कं, ज्याच्यापुढे काही करायला उरत नाही ते. आणि माझं चित्र, दुकानाच्या पाटीसारखं झळकणारं, ज्याचा मला इतका अभिमान होता की मी ते फोनमध्ये ठेवलंय, त्यातले किती दिवे जन्माचे आणि किती त्या शेगडीजवळच्या खुर्चीचे? हे मला कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

फोन वाजला तेव्हा मी हात थंड पाण्याखाली धरला होता. समुपदेशक बाई होत्या. "तुमचा भाऊ इथे येऊन बसलाय. चालत आला. हाताला मोठा चावा आहे, कुत्रा चावला म्हणतोय. आमचे डॉक्टर विचारतायत, कुत्रा ओळखीचा होता का? इंजेक्शनं द्यावी लागतील." मी म्हटलं, "कुत्रा नव्हता." "मग?" "मी होते." मग त्या म्हणाल्या, "अच्छा," आणि त्यांच्या आवाजावरून कळलं की त्यांनी या नोकरीत याहून वाईट ऐकलंय. "लघवी तपासली त्याची. स्वच्छ आहे. काही घेतलेलं नाही." मी नळ बंद केला. "पण त्याला आम्ही ठेवू शकत नाही, त्याची मुदत संपली आहे, खाट दुसऱ्याला दिली. कुणीतरी घेऊन जायला हवं. तुमच्या वडिलांनाही फोन केलाय, ते निघालेत. तुम्हाला एक स्पष्ट सांगू का? वडिलांकडे गेला तर आठवडाभरात परत सुरू होईल, आणि यावेळी त्याचं हृदय ते झेलेल असं डॉक्टरांना वाटत नाही." मी म्हटलं, मी येतेय. मामा दारात उभा होता. "मुक्याला बाहेर काढू का, मॅडम? शिवावं लागेल." "काढ," मी म्हटलं. "परत नको टाकू त्यांच्यात." तो म्हणाला, "मग प्रयोग?" मी कोट घातला आणि निघाले.

केंद्राची भेटीची खोली तीच होती, तीन प्लास्टिकच्या खुर्च्या, एक हीटर, खिडकीला जाळी. छोट्या हीटरजवळच्या खुर्चीत बसला होता, हाताला कोपरापर्यंत पट्टी, आणि मी दारातून आत आले तसा तो उठला. मी काही म्हटलं नव्हतं. तो उठला आणि भिंतीशी जाऊन उभा राहिला, आणि त्याचे ओठ मागे गेले. समुपदेशक बाई कौतुकाने म्हणाल्या, "बघा, हसतोय. ही चांगली खूण आहे." मला त्यांचा गळा धरावासा वाटला. मी म्हटलं, "छोट्या, बस ना." तो म्हणाला, "नको, तू बस." मी बसले नाही. मग ती खुर्ची आमच्या दोघांच्या मध्ये रिकामी राहिली, हीटर तिच्या पाठीला ऊब देत राहिला. "दुखतंय का?" मी विचारलं. "दात चांगलेत तुझे," तो म्हणाला. मी त्याला सांगणार होते. चित्राबद्दल, की मी तुला अर्धंच सांगितलं, की त्या दिव्यांचं काय होतं हे अजून ठरायचंय. वाक्य जुळवत होते तेवढ्यात बाबा आले आणि येऊन सरळ त्या खुर्चीत बसले.

ते म्हातारे झालेत. बोटांची पेरं सुजलेली, एक नख काळं पडून कायमचं जाड झालेलं. पण हात तेवढाच रुंद आहे. "काय गं, तू कशाला आलीस काम सोडून?" ते मला म्हणाले, आणि त्याच्याकडे न बघता, "हाताला काय झालं याच्या?" छोट्या पटकन म्हणाला, "कुत्रा." माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. मी म्हटलं, "बाबा, मी चावले त्याला." बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग ते हसले, खरं हसू, पोटातून आलेलं, आणि म्हणाले, "बरं केलंस. माझी पोरगी आहे." आणि मला बरं वाटलं. हे मला लपवता येणार नाही. एवढ्या सगळ्यानंतर, त्याची पट्टी डोळ्यांसमोर असताना, त्या तीन शब्दांनी माझ्या आत खोलवर काहीतरी उजळलं, भरपूर खुंट्या असलेल्या माणसाचं उजळतं तसं, पहिली आले की बाबा पाठीवर थाप मारायचे तेव्हा उजळायचं तसंच. बाबा उठले. "चल रे," ते त्याला म्हणाले, "गाड्या पडल्यात दोन." समुपदेशक बाई म्हणाल्या, "काका, आपण बसून बोलूया ना आधी." बाबांना त्या दिसतच नव्हत्या. ते छोट्याच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले होते, आणि छोट्याची पाठ भिंतीला लागली होती. त्याच्या हिरड्या दिसल्या.

"दात काय काढतोस?" बाबा म्हणाले. हात वर गेला, घाई न करता, पोचा कुठे आहे ते बघून.

मी मध्ये गेले. कशी गेले ते मला ठाऊक नाही, माझ्या त्या मोडक्या हाताने मी त्यांचं मनगट धरलं होतं आणि ते मनगट माझ्या हाताला ओढत होतं, आणि कळ खांद्यात, दाढेत, कानात जात होती. बाई काहीतरी ओरडल्या. मी म्हटलं, "तो हसत नाहीये, बाबा. तो कधीच हसत नव्हता." माझा आवाज मला ओळखू आला नाही. "आणि तो माझ्याकडे येणार आहे. आजच. तुमच्याकडे नाही." बाबांनी ओढणं थांबवलं. ते माझ्याकडे बघायला लागले, डोळ्यांत नाही, जरा खाली. माझ्या जन्मात त्यांनी माझ्याकडे असं बघितलं नव्हतं, छोट्याकडे बघायचे तसं, आणि त्यांचा दुसरा हात सावकाश उठायला लागला.

"तू काय दात काढतेस?" ते म्हणाले.

तेव्हा मला कळलं की माझ्या दातांना वारा लागतोय. हिरड्या कोरड्या पडल्या होत्या, गाल कानापर्यंत ओढले गेले होते, सकाळचा तो हलणारा दात गार पडला होता. मी ओठ मिटायला गेले. ते मिटेनात. मागून छोट्याचा श्वास माझ्या मानेवर येत होता, भरभर. बाबांनी एक पाऊल पुढे टाकलं, नेहमीसारखं, समोरचा बाजूला होणारच अशा भरवशावर. माझे दात तसेच उघडे होते. मी सरकले नाही.